माझ्या म्हशीला गावठी लिहिलं

सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरानं मला तोंडावर सांगितलं, की तुमची म्हैस गावठी आहे, कॉम्प्युटरात तसं लिहिलंय. तेव्हा तिचं दावं माझ्या हातात होतं आणि ती माझ्या खांद्याला नाक घासत उभी होती. तिची शिंगं मागं पार बरगड्यांपर्यंत गेलेली, म्यानातून तलवारी काढून पाठीवर टाकाव्यात तशी. डॉक्टराला डोळे होते. पण तो म्हशीकडं बघतच नव्हता, कागदाकडं बघत होता.

मी चौथीपर्यंत शाळा शिकलो, तीही गुरुजींनी ढकलत नेली म्हणून. लिहायला बसलं की बोटं आखडतात. तरी हे लिहितोय, कारण आमच्या गल्लीत अजून काही जण म्हणतात, की त्या प्रकरणात चूक आपलीच होती. ती आपली नव्हती. कशी नव्हती ते सांगतो.

आम्ही कोल्हापूरचे गवळी, पिढीजात. संध्याकाळी म्हशी चौकातल्या दूध कट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या. गिऱ्हाईक येतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. तालमीतली पोरं येतात, रिक्षावाले येतात, कोर्टातले कारकून सायकल भिंतीला टेकवून येतात. पाणी घातलं का, हा प्रश्नच उरत नाही. पण असं दूध द्यायला म्हैसही तशीच लागते. गर्दीत, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, रेडकू जवळ नसताना, गिऱ्हाईक येईल तसा थोडा थोडा पान्हा सोडणारी. हे पंढरपुरी म्हशीचं काम. दुसऱ्या जातीची आणून उभी करा, एक तर लाथ घालील, नाही तर दूध चोरील.

माझ्या थोरल्या म्हशीची आई आमच्याच गोठ्यात व्यायली, आणि तिची आईसुद्धा. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावानं हाक मारायचा हक्क माझा. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं, दावं नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर. त्या दिवशी तिला भादरून अंगावर नक्षी काढायची, शिंगं काचेच्या तुकड्यानं साळून आरशासारखी करायची, रंग द्यायचा, मोरपिसं लावायची, अंगाला तेल असं चोळायचं की माशी बसली तर घसरावी. नुसतं पाडव्यालाच नाही. कुणी परका माणूस म्हैस बघायला यायचा झाला, की आधी तिला भादरायचं, तेल लावायचं आणि मगच बाहेर काढायची. पोरगी बघायला पावणं आल्यावर तिला चुलीपुढनं उठवून तशीच पुढं बसवतात का? तसंच हे.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी पुण्याहून एक बाई आली. कसल्याशा संस्थेत संशोधन करणारी, पोरसवदा, केस बांधलेले, खांद्याला झोळी. आधी मी तिला दाद दिली नाही. आमच्याकडं कुणी वही घेऊन आलं की त्याच्या मागं गोठे शहराबाहेर हलवायची नोटीस येते, असा आमचा अनुभव. तिनं पेला भरून दूध घेतलं, उभ्यानं प्यायली, ओठावरचा फेस हातानं पुसला आणि विचारलं, "काका, रेडकू नसताना ही पान्हा कसा सोडते?" हा प्रश्न विचारणारं माणूस मला बरं वाटलं. मी म्हटलं, माझा आवाज ऐकून सोडती.

मग ती रोज यायला लागली. तिनं जे समजावलं ते मला तेव्हाच कळलं, आणि पटलंही. ती म्हणाली, देशात जे जे जिवंत आहे त्याची माहिती आज वेगवेगळ्या कपाटांत पडून आहे. शाहूवाडीच्या डोंगरातल्या भाताचे कागद एका कॉलेजात, नदीतल्या माशांचे दुसऱ्या ऑफिसात, जनावरांचे तिसरीकडं. कुणाचा पत्ता कुणाला नाही. हे सगळं एका कॉम्प्युटरात एकत्र आणायचं, आणि ते सगळ्या देशाला बघता यायला पाहिजे. मी विचारलं, त्यात आमच्या म्हशीचा काय फायदा? ती म्हणाली, उद्या सोलापूरकडच्या एखाद्याला चांगला रेडा हवा असेल, तर त्याला घरबसल्या कळेल की कोल्हापुरात हे कूळ आहे.

ही गोष्ट माझ्या काळजाला लागली, कारण आमच्या गल्लीचा रेडा नुकताच गेला होता. साऱ्या गल्लीचा मिळून एक रेडा असायचा, कुणाही एकाचा नाही. त्यानं एका साहेबाच्या स्कूटरला धडक दिली आणि तक्रार झाली. म्युनिसिपालटीनं रेडा उचलून नेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून म्हैस माजावर आली की सरकारी दवाखान्यात न्यायची आणि तिथल्या कांडीनं, म्हणजे रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळीनं, भरवून आणायची. ती कांडी कुठल्या रेड्याची, हे दवाखानाच ठरवणार.

बाईनं म्हशी मोजायचा दिवस ठरवला. जाताना बजावून सांगितलं, की म्हशी जशा आहेत तशाच असू द्या, काही करू नका. हे तिनं सांगितलं हे खरं. मी नाकबूल करत नाही. पण जशा आहेत तशा म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात एक होतं आणि आमच्या डोक्यात दुसरं. साऱ्या देशाला दिसणार म्हटल्यावर गल्लीत कोण गप्प बसणार? आदल्या दिवशी सकाळपासून प्रत्येक गोठ्यात कात्र्या चालत होत्या. एकानं तर घरातल्या लग्नातली जर काढून शिंगांना गुंडाळली. माझी थोरली अशी दिसत होती की शेजारची म्हातारी येऊन तिची दृष्ट काढून गेली.

बाई आली ती जनावरांच्या एका डॉक्टराला आणि फोटोवाल्याला घेऊन. रस्त्याच्या दोन्ही कडेला म्हशी ओळीनं उभ्या, हलगी वाजतेय, आम्ही फेटे बांधलेले. बाई गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं, बघून थक्क झाली. फोटोवाला खूश झाला, त्यानं रीळ संपवलं. पण डॉक्टरानं टेप गुंडाळून परत खिशात घातला. अंगाचा मूळ रंग कुठला, केस केवढे, शिंगाच्या बुडाचा घेर किती, त्यावरच्या वळ्या कशा, हे सगळं आम्ही साळून, भादरून, तेल चोळून घालवलं होतं, असं त्याचं म्हणणं. तो जरा हसलाही. म्हणाला, "मामा, ही म्हैस हाय का नवरी? नवरीचं माप मला घेता येत न्हाय."

बाई मात्र हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, की तुमचे फॉर्म मी अर्धेच भरते, बाकीचे रकाने रिकामे ठेवते, पावसाळा संपला की परत येऊन मापं घेते. मी म्हटलं, या की. त्यात काय.

ती आली नाही. तिची त्या कामावरून दुसरीकडं बदली झाली. आणि आमचे अर्धे फॉर्म पुण्याहून कुठंतरी पुढं गेले. तिथं कॉम्प्युटरवर माहिती चढवणाऱ्या कुणा माणसापुढं आमच्या म्हशी आल्या. हे मला फार पुढं समजलं, पण इथंच सांगतो, कारण माझा सगळा राग याच जागेवर आहे. त्या कॉम्प्युटरला रिकामा रकाना चालत नव्हता. जात लिहायची तर शिंगाचं माप पाहिजे, रंग पाहिजे. माप नाही. 'गावठी' लिहिलं तर कुठलंच माप लागत नाही. त्यानं गावठी लिहिलं आणि पुढचा कागद घेतला. कोल्हापूर शहर, आमची पेठ, म्हशी गावठी. हातातला कागद खाली ठेवून एकदा विचारायचं तरी होतं. एक पोस्टकार्ड पाठवायचं. रिकामी जागा ही रिकामी जागा असते, ती माणसानं मनानं भरायची नसते. मला चौथी शिकलेल्याला हे कळतं.

वर हे सगळं सामाईक. चांगलं लिहिलं असतं तर साऱ्या देशाला दिसलं असतं, तसंच हे वाईट लिहिलेलंही साऱ्या देशाला दिसलं. जिल्ह्याच्या ऑफिसनं तिथनंच घेतलं, दवाखान्यानं जिल्ह्याकडनं घेतलं. आणि सरकारचा नियम असा, की गावठी म्हशी जिथं असतील तिथं त्यांची सुधारणा करायची. सुधारणा म्हणजे मुऱ्हा जातीच्या रेड्याची कांडी. म्हणून दवाखान्यातला डॉक्टर त्या दिवशी मला म्हणाला, की तुम्हाला मुऱ्हाच मिळणार, दुसरं मागवायला माझ्याकडं आधार नाही.

मुऱ्हा वाईट म्हैस आहे असं मी म्हणत नाही. तिच्या मुलखात ती राणी असेल. पण तिची शिंगं जिलेबीसारखी वळलेली, आणि तिला दोन वेळची धार, शांत गोठा लागतो. तिचं रक्त आमच्या म्हशींत आलं की दोन पिढ्यांत कट्टा मोडला. हे मी डॉक्टराला सांगितलं. तो तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, मी डोळ्यांनी बघतोय ही पंढरपुरी हाय म्हणून. पर माझ्या डोळ्यांवर कांडी मिळत न्हाय. नोंद बदलून आणा, मी मागवतो."

मी म्हैस परत घरी आणली. न भरवता.

जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, पुण्यात विचारा. एसटीनं पुण्याला गेलो. बाईला हुडकायला अर्धा दिवस गेला. ती एका वेगळ्याच इमारतीत बेडकांच्या कामावर होती. मला बघून उठून उभी राहिली, पाणी दिलं, आणि मी सांगितलं ते ऐकून तिचा चेहराच उतरला. मी रिकामं ठेवलं होतं काका, असं दोन-तीनदा म्हणाली. तिच्यावर ओरडायचं ठरवून गेलतो, पण तिथं माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली. फोन लावले, कुणाशी तरी भांडली. मग म्हणाली, नोंद दुरुस्त होईल, त्या डॉक्टरांना घेऊन मी स्वतः येते. पण या वेळी मापं पाहिजेत. भादरायचं नाही, शिंगं साळायची नाहीत, तेलाचा थेंब नाही.

मी म्हटलं, "बाई, माझी म्हैस तशी कुणापुढं येत न्हाय."

ती शांतपणे म्हणाली, "मग राहू दे काका तिला गावठी."

मी उठलो. चहा तसाच ठेवून उठलो. येताना एसटीत साताऱ्यापर्यंत दातांवर दात दाबून बसलो होतो. कुणी म्हणेल, एवढा कसला ताठा? एक दिवस म्हैस मळकी दाखवली असती तर काय बिघडत होतं? त्याला माझं एवढंच सांगणं, की ज्यांनी तिचं कूळ पुसलं त्यांच्यापुढं तिला मी हात जोडून, केस विंचरल्याशिवाय, कशाला उभी करू? पुरावा त्यांनी खोटा लिहिला आणि लाज मी सोडायची?

त्यानंतर म्हैस माजावर आली की मी दाराची कडी लावून बसायचो. ती ओरडायची. साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. शेजारीपाजारी एकेक करून मुऱ्हा भरवून आणायला लागले, कारण गाभण राहिल्याशिवाय दूध कुठनं येणार? त्यांना मी दोष देत नाही, पण तेव्हा दिला होता आणि मोठ्यानं दिला होता. थोरलीचं दूध आटत गेलं. कट्ट्यावर माझी जागा रिकामी राहायला लागली. जुनी गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडं पेला पुढं करायची आणि माझ्याकडं बघायचं टाळायची. तिचं वय होत आलं होतं. अजून फार वेळा गाभण राहील असं नव्हतं, आणि गोठ्यातल्या बाकीच्या दोन म्हशी तिच्या तोडीच्या नव्हत्या. हे कूळ आता या एका म्हशीवर होतं आणि मी कडी लावून बसलो होतो.

माझी घरची एवढे दिवस यात पडली नव्हती. एका दुपारी वैरण टाकता टाकता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "नदीत डुंबताना तिला कोण मोरपिसं लावतं? तवा सारा गाव बघतोच की तिला. तवा न्हाय ती तुमची अब्रू जात."

तिचं खरं होतं. पंचगंगेत म्हैस धुताना ती जशी असते तशी असते, त्यात पाहुणचार नाही, दाखवणं नाही. तिथं ती तिच्या घरी असते. घरचीनं मला विचारलंही नाही, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं पुण्याला फोन करून बाईला मापं घ्यायला नदीवर बोलावलं. बाईनं लिहून दिलेला नंबर तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशातनं घेतला होता.

बाई शिमग्याच्या आसपास आली. नदी खाली गेली होती, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. सोबत तोच डॉक्टर, नवरीवाला. पाडव्याला काढलेली नक्षी केव्हाच बुजली होती, अंगावर राठ केस आले होते, शिंगांच्या बुडाला खपल्या धरल्या होत्या. थोरली नाकापर्यंत पाण्यात बसलेली. डॉक्टर पायऱ्यांवर टेप घेऊन उभा. तो म्हणाला, तिला बाहेर काढा, दोघं-तिघं धरा. मी म्हटलं, कुणी धरायचं न्हाय. काठावर उभा राहून तिला हाक मारली. ती उठली, पाणी निथळत पायऱ्या चढली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. डॉक्टरानं शिंगांना बुडापासून टोकापर्यंत टेप लावला, घेर घेतला, शेपटी, आचळं, सगळं. मी तिच्या कानाशी बोलत होतो तोवर ती हलली नाही. डॉक्टर वाकलेला सरळ झाला आणि त्यानं आपणहून तिच्या मानेवर थाप मारली. म्हणाला, चुकलं मामा. मी म्हटलं, चुकलं तर लिवा आता नीट.

बाई लिहीत होती. मी विचारलं, ती हाकेवर येते, परक्यात पान्हा सोडते, हे कुठल्या रकान्यात लिहिलं? ती म्हणाली, त्याला रकाना नाही, शेऱ्यात लिहिते. मी म्हटलं, म्हशीची जात शिंगांत न्हाय बाई, त्या हाकेत हाय. शिंगं मुंबईत विकत मिळतील. तिनं मान हलवली आणि लिहिलं, माझ्या डोळ्यांपुढं लिहिलं. पुढं एका इंटरनेटच्या दुकानात मी ते बघायला गेलो. पंढरपुरी, कोल्हापूर, असं आलं होतं, शिंगाचं माप आलं होतं, मापाच्या दिवशीचा फोटो न टाकता पहिल्या दिवसाचा मोरपिसांचाच टाकला होता, ते बरं केलं. पण शेरा कुठंच दिसला नाही. दुकानवाला म्हणाला, शेरा इथं दाखवत नाहीत. मग कुणाला दाखवतात, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. याचा राग माझा अजून गेलेला नाही. देशभराची माहिती गोळा करायची आणि जी खरी माहिती ती आत ठेवायची, हा कुठला शहाणपणा?

पण नोंद बदलली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरानं शब्द पाळला, पंढरपुरीची कांडी मागवली, आणि थोरली त्याच वेळी गाभण राहिली. पुढच्या वर्षी व्यायली. रेडा झाला.

साऱ्या गल्लीनं मजा बघितली. रेडा म्हणजे गवळ्याच्या घरात तोट्याचं पोर. लोक त्याला आईचं दूध पुरेसं पिऊ देत नाहीत, आणि तो जगला नाही तर कुणी रडत नाही. कट्ट्यावर मला म्हणायचे, मामा, पुण्यापर्यंत जाऊन आणलं काय, तर रेडा. शेजाऱ्याच्या दावणीला मुऱ्हा रक्ताची जिलेबीवाली पारडी, म्हणजे मादी रेडकू, बांधलेली होती, ती बघून तर ते आणखी जोरानं हसायचे. मी रेड्याला प्यायला दोन आचळं सोडली. घरची म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. पण ती सकाळी त्याला पेंडीचं पाणी पाजताना मी बघितली.

थोरली त्यानंतर परत व्यायली नाही. रेडा वाढला. त्याची शिंगं आधी बाहेर फुटली, मग मागं वळली, आणि मागंच जात राहिली.

तो ऐन भरात आल्यावर एक दिवस दारात एक माणूस आला. धोतर, पांढरी टोपी, पायताणं धुळीनं भरलेली. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचा म्हणाला. त्यांच्याकडं एकाच रेड्याच्या पोटच्या म्हशी फार झाल्या होत्या, बाहेरचं रक्त पाहिजे होतं, आणि त्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर कोल्हापूरच्या या पेठेतली म्हैस दिसली होती. तिचं पोर आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. गल्लीतले जे हसत होते ते आता आपापल्या दारात येऊन उभे राहिले.

पावणा घाईत होता, संध्याकाळची एसटी गाठायची होती त्याला. म्हणाला, "जनावर तेवढं दावा, मग निघतो."

रेडा आत होता, शेणात लोळून आलेला, पाठीवर वाळलेला चिखल.

मी म्हटलं, "पावणं, बसा. दूध घ्या. आजची गाडी सोडा." घरचीला पेला आणायला सांगितला, आणि कोनाड्यातली कात्री, काच आणि तेलाची बाटली घेऊन आत गेलो.